बिनमुहूर्ताचे दोन दिवस

आमच्या धंद्यात डायरी पंचांगावर चालते. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात, मार्गशीर्षात एकेका दिवशी दोन-दोन कार्यालयं गाठावी लागतात आणि पौष लागला की पानं एकदम कोरी. पौषात लग्नं होतच नाहीत असं आता राहिलं नाही. रजिस्टर लग्नं होतात, परदेशातून सुट्टीवर आलेली मुलं आई-वडिलांना गळ घालतात. पण ‘पौषात नको गं बाई’ म्हणणाऱ्या आज्या अजून पुष्कळ घरांत आहेत आणि शेवटी त्यांचंच चालतं.

पुण्यात मी एकवीस वर्षं लग्नाचे फोटो काढते आहे. त्याआधी वडील काढायचे. पौष आला की ते डार्करूम झाडायचे, कॅमेऱ्यांना कापूर-कापड करायचे आणि राहिलेल्या उधाऱ्या गोळा करायला सायकलवरून हिंडायचे. आता डार्करूम नाही आणि उधारी फोनवरूनही बुडवता येते. त्यामुळे पौषातल्या शनिवार-रविवारी मी पक्षी बघायला जाते. बुकिंगच्या डायरीत ज्या पानांवर ‘सीमांतपूजन सायं. ७, मुहूर्त दु. १२.३५’ असं लिहिलेलं असायचं, त्या पानांवर पौषात पक्ष्यांची नावं आणि आकडे असतात. हे त्यातल्याच दोन पानांबद्दल.

शनिवारी पहाटे सव्वासहाला स्कूटर काढली तेव्हा हातमोज्यांतूनही बोटं गार पडत होती. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावरच वर येतो. पाषाण तलावाच्या बांधावर पोचले तेव्हा पाण्यावर धुक्याची साय होती आणि काका आधीच येऊन बसले होते. हे काका माझे कुणी नात्यातले नाहीत. सहा वर्षांपूर्वी पक्षी सप्ताहातल्या एका फेरीत भेटले. महाराष्ट्रात पाच ते बारा नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा सालिम अलींच्या. त्या फेरीला मी खरं तर पक्ष्यांसाठी गेलेच नव्हते. दीडशे-सहाशेची मोठी लेन्स भाड्याने आणली होती, ती हलत्या गोष्टीवर कशी चालते ते पाहायचं होतं. पाण्यातल्या एका काळ्या पक्ष्याचे मी चाळीस-पन्नास फोटो काढले आणि काकांना पडद्यावर दाखवले. ते म्हणाले, “बाई, तुम्ही याचं कपाळ जाळलंत.”

तो वारकरी होता. चांदवाही म्हणतात त्याला. अंग काळं कुळकुळीत, चोच पांढरी आणि चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढराशुभ्र टिळा. माझ्या फोटोत अंग राखाडी झालं होतं आणि टिळ्याच्या जागी नुसतं भगदाड. मला हसूच आलं, कारण ही चूक मी धंद्याच्या पहिल्या वर्षी केली होती आणि वडिलांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. काळ्या बंदगळ्यातला नवरदेव आणि डोक्यावर पांढरा फेटा! कॅमेऱ्याला समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं वाटत असतं. काळं दिसलं की तो उजेड वाढवतो आणि फेटा जातो वाया. अशा वेळी आपण हाताने एक पायरी अंधार करायचा असतो. नवरदेवासाठी जे मला झोपेत जमलं असतं ते पक्ष्यासमोर आठवलंच नाही. पक्षी म्हणजे काहीतरी निराळं, असं मी गृहीत धरलं होतं.

त्या शनिवारी वारकऱ्यांची दिंडी बांधापासून बरीच लांब होती. पाषाणचा हा तलाव राम नदीवर बांधलेला. वरच्या बाजूने शहर वाढत आलं तसं नदीतून पाण्याबरोबर काय काय यायला लागलं, ते तलावातली जलपर्णी बघून कळतं. उघडं पाणी आक्रसतं तशा बदकांच्या जागा कमी होतात, यावर काका दर भेटीत दहा मिनिटं बोलतात आणि मी ऐकते. तरी जलपर्णीवरही कुणाचं ना कुणाचं पोट असतंच. पिवळे धोबी त्या हिरव्या गालिच्यावर पायी फिरत होते, शेपटी वरखाली करत, पानापानांवरचे किडे वेचत. जांभळी पाणकोंबडी लांबलचक बोटांनी एक दांडा धरून सोलत होती. वंचक काठावर मातकट होऊन बसला होता. हा उडाला की आतून पांढरे पंख निघतात आणि मातीचा गोळा अचानक बगळा होतो. त्याचं नाव ज्याने ठेवलं त्याला त्याने एकदा तरी चांगलंच फसवलेलं असणार.

मी बांधाच्या उतारावर पालथी झोपले. लग्नात मी खुर्चीवर चढते, टेबलावर चढते, एकदा तर मांडवाच्या खांबाला लटकले होते. पक्ष्यांनी मला खाली यायला शिकवलं. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी नुसता ‘खाली असलेला’ दिसतो. त्याच्या डोळ्याच्या रेषेत आपली लेन्स आली की त्याच्यामागचं पाणी विरघळतं आणि तो समोर येऊन उभा राहतो. पण झोपून पुढे सरकायलाही मर्यादा असते. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी माझ्यापासून साधारण तीस पावलांवर झोपली होती. चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. मी कोपरांवर दोन हात पुढे गेले तर नराने मान वर केली. अजून एक हात गेले तर मादीही उठली. मी थांबले, तशी दोघांनी पुन्हा पंखांत चोच खुपसली. ही आमच्यातली सीमारेषा त्यांनी ठरवली होती. तीस पावलं वजा तीन हात.

लग्नात अंतर मी ठरवते. “ताई, थोडं अलीकडे या, काका, तुम्ही मागे, मुलांनो, खाली बसा.” वधूच्या खोलीत मला थेट प्रवेश असतो, बाई म्हणून तर जास्तच. डोळ्यांत काजळ घालताना माझी लेन्स तिच्या पापणीपासून हातभर असते. लोक मला ते देतात, कारण त्या दिवशी बघितलं जाणं हेच त्यांचं काम असतं. साडी, दागिने, मेंदी सगळं बघण्यासाठीच तर केलेलं असतं.

हिवाळ्यातल्या पाहुण्या पक्ष्यांचं याच्या बरोबर उलटं. काकांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, “हे लोक इथे लग्नाला येत नाहीत, पोट भरायला येतात.” संसार तिकडे, हिमालयात, तिबेटात, मध्य आशियात, सैबेरियात. रंगीत पिसं तिकडची, गाणी बहुतेक तिकडची, घरटी तर सगळी तिकडची. इथे येतात तेव्हा अनेकांचे कपडे साधे असतात आणि दिवसभराचं काम एकच: खाणं, पिसं साफ करणं, झोपणं, पुन्हा खाणं. मार्च-एप्रिलमध्ये परत जायचं तर अंगावर चरबी हवी. म्हणजे त्यांचाही पौषच की! ते बिनमुहूर्ताचे, मी बिनमुहूर्ताची. पक्षी बघायची माझी गोडी कुठून सुरू झाली असेल तर इथून. आयुष्यभर मी माणसं फक्त ठेवणीतल्या कपड्यांत पाहत आले होते. इथे मला कुणीतरी पहिल्यांदा घरातल्या कपड्यांत दिसत होतं.

यालाही अपवाद आहेत. थापटे बदक घ्या. रुंद, फावड्यासारख्या चोचीने पाणी चाळत गोल गोल फिरणारे सात जण त्या दिवशी पलीकडच्या काठाला होते. नोव्हेंबरात नर-माद्या सगळे सारखेच तपकिरी दिसतात, पण पौषात नरांच्या डोक्यावर हिरवी चमक चढलेली असते. बदकं जोड्या हिवाळ्यातच जमवतात आणि घरटं मात्र उत्तरेत जाऊन करतात. साखरपुडा पुण्यात, लग्न तिकडे. काका म्हणाले, “तुमचं अर्धं काम गेलं बघा.”

नऊ वाजता ऊन कडक झालं, पाण्यावर चकाकी आली आणि फोटोचा वेळ संपला. मग काकांचं काम सुरू झालं. ते खिशातून वही काढतात आणि दिसलेला प्रत्येक पक्षी आकड्यानिशी लिहितात. नंतर ती यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढते. तिथे एक प्रश्न विचारला जातो: ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? ‘हो’ म्हणायचं तर कावळा लिहावा लागतो, पारवा लिहावा लागतो, साळुंकी, घार, सगळं. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर जी पक्षीगणना होते आणि २०१३ पासून आपल्याकडेही होते, तिथेही कसोटी हीच. पंधरा मिनिटं एका जागी बघा, पण जे दिसलं ते सगळं लिहा. आज ज्याला कुणी विचारत नाही त्याचा आकडा दहा वर्षांनी कमी झाला तर तो कशावरून कळणार? काल किती होते हे कुणीतरी लिहिलेलं असलं तरच.

पहिल्या वर्षी मला हे पटत नव्हतं. पाच दुर्मीळ पक्षी दिसले असताना तेवीस कावळे कशाला मोजायचे? मग मला मोठे मामा आठवले. माझ्या सुरुवातीच्या एका लग्नात मी अप्रतिम फोटो काढले होते. अंतरपाटामागून डोकावणारे डोळे, अक्षतांचा पाऊस, आईचा थरथरणारा हात. अल्बम दिला आणि आठ दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. “मोठ्या मामांचा एकही फोटो नाही!” मामा दोन दिवस कार्यालयात राबले होते. भटजींना दक्षिणा, वाढप्यांना सूचना, जावयाला पान, सगळीकडे मामाच. सगळीकडे असल्यामुळेच मला ते दिसले नव्हते. तो अल्बम मी नव्याने करून दिला, पण जे फोटो काढलेलेच नव्हते ते कुठून आणणार? तेव्हापासून लग्नाच्या आदल्या दिवशी मी नातेवाइकांची यादी मागून घेते आणि पक्ष्यांच्या यादीत कावळा पहिल्या ओळीत लिहिते.

दुपारी लेकीला घेऊन एम्प्रेस गार्डनला गेले. रेसकोर्सजवळची ही बाग जुनी, झाडं त्याहून जुनी वाटणारी. तिकीट काढून आत गेलं की शहराचा आवाज पानांत अडकतो. गारंबीची वेल इथे झाडांना विळखे घालत अशी पसरली आहे की तिचा शेंडा कुठे आणि बुंधा कुठे हे शोधण्यातच मुलांचा अर्धा तास जातो. आम्हाला धनेश हवा होता. राखी धनेश पुण्यात अजून टिकून आहे तो अशा जुन्या झाडांमुळे. त्याला ढोली हवी घरट्याला आणि वड-उंबराची फळं हवीत पोटाला. चार ओळीत लावलेल्या शोभेच्या झाडांवर त्याचं भागत नाही. लेकीने वडाच्या शेंड्याला हलणारी पानं दाखवली. चोचीच्या टोकाने तो फळ तोडायचा, मान मागे टाकून हवेत उडवायचा आणि घशात झेलायचा, शेंगदाणे खाणाऱ्या कॉलेजच्या मुलासारखा. पानांच्या दाटीत फोटो काही मिळाला नाही. त्याच्यापुढे सतत कुणीतरी अंतरपाट धरून उभं होतं आणि मंगलाष्टकं संपतच नव्हती.

परत निघताना डोक्यावरून भोरड्यांचा थवा गेला. पळसमैना म्हणतात त्यांना, गुलाबी पाठ आणि काळं डोकं. त्यांची घरटी मध्य आशियात, पण पाऊस संपायच्या आत त्या आपल्याकडे यायला लागतात आणि वर्षाचा मोठा भाग इथेच काढतात. लेकीने विचारलं, “आई, हे कसे मोजायचे?” मी म्हटलं, पंगत कशी मोजतात? आचारी एकेक माणूस मोजत नाही. एका रांगेत वीस पानं, अशा रांगा किती, एवढंच बघतो. तिने दहा भोरड्या मोजल्या, तेवढा तुकडा डोळ्यांत धरला आणि थव्यावर ठेवत गेली. “बावीस तुकडे.” दोनशेवीस लिहिले. उरल्यासुरल्यांचं पाप आमच्या माथी.

रविवारी वेताळ टेकडी. शहराच्या पोटात समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच असा हा माळ आहे. वर वेताळबाबाचं देऊळ, बाजूला दगडाची जुनी खाण, मोर, तित्तीर आणि त्यांच्याहून जास्त संख्येने फिरायला येणारे पुणेकर. टेकडीतून रस्ता काढायचा की नाही यावर भांडणं चालू असतात आणि त्या भांडणांतून का होईना, इथे कोण कोण राहतं हे लोकांना कळू लागलं आहे. मी एकटी चढत नाही. काका गुडघ्यांमुळे येत नाहीत, म्हणून रोज येणाऱ्या बायकांचा एक घोळका गाठते. त्या हरिपाठ म्हणत पुढे जातात, मी मागे झुडपांत डोळे घालत.

पहिला भेटला थिरथिरा. तारेच्या कुंपणावर बसलेला, वरून काळा, पोट विटकरी. शेपटी अशी थरथरत होती की कुणीतरी त्याच्या आत मोबाइल सायलेंटवर ठेवला आहे असं वाटावं. नाव कशावरून पडलं हे विचारावं लागत नाही. हिमालयापलीकडून आलेला हा एवढासा जीव, चिमणीएवढा. तो खाली उतरायचा, किडा उचलायचा, त्याच खांबावर परत. दुसऱ्या फेरीत मला त्याचा खांब कळला, तिसऱ्या फेरीत उजेड कळला, चौथ्या फेरीला मी तयार होते. सोळाशेव्या हिश्श्याच्या शटरला पक्षी थांबला, शेपटीचं टोक तेवढं धूसर आलं. ते मी तसंच ठेवलं. थिरथिऱ्याची शेपटी स्थिर दिसली तर तो फोटो खोटा.

खाणीच्या वळणावर दोन तरुण बसले होते. हातात महागडे कॅमेरे आणि दगडावर एक छोटा स्पीकर. त्यातून निळ्या माशीमाराचं गाणं परत परत वाजत होतं. समोरच्या करवंदीच्या जाळीत खरा माशीमार वेड्यासारखा या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत होता. मला त्यांना काही सुनवायचं होतं, पण आवाज फुटेना.

कारण चार वर्षांपूर्वी त्याच दगडावर मी बसले होते. स्पीकर नव्हता, फोन होता. टिकेलचा निळा माशीमार हा पाहुणा नव्हे, इथलाच. त्याची स्वतःची एक हद्द असते. त्याच्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला की तो खाणंपिणं टाकून घुसखोराला शोधत येतो. माझ्या फोनवर रेकॉर्ड वाजली आणि तो अगदी समोर, डोळ्यांच्या उंचीवर, छाती फुगवून बसला. निळी पाठ, नारिंगी छाती, मागे सकाळचं ऊन. मला हवी ती पोझ. मी आणखी एकदा वाजवलं. मग आणखी एकदा. लग्नात म्हणते तसंच. “हार परत घाला, जरा हळू, हां, आता माझ्याकडे बघा.” अर्ध्या तासात मला माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर पक्ष्याचा फोटो मिळाला. मी तो मोठा करून स्टुडिओत लावला.

काका स्टुडिओत आले तेव्हा बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. “छान आलाय,” म्हणाले. मग हळूच, “किती वेळ वाजवत होतात?” मी सांगितलं. ते म्हणाले, “अर्धा तास म्हणजे त्याची सकाळची न्याहारी.” एवढंच. रागावले असते तर मी वाद घातला असता. मी त्या फोटोकडे पुन्हा बघितलं आणि इतके दिवस जी मला ऐट वाटत होती ती ऐट नव्हती हे दिसलं. तो पक्षी भ्यायलेला होता, चिडलेला होता. भिंतीवर मी कुणाच्या तरी भांडणाचा फोटो लावला होता. तो उतरवला तेव्हा भिंतीवर त्याची चौकट उमटलेली राहिली. पुढच्या दिवाळीत रंग दिला तेव्हा गेली.

त्या दोन मुलांजवळ जाऊन बसले आणि हेच सगळं सांगितलं, माझं म्हणूनच. एकाने स्पीकर बंद केला. दुसरा म्हणाला, “पण मॅडम, मग तो बाहेर कसा येणार?” मी म्हटलं, नाही येणार कदाचित. आम्ही तिघं वीस मिनिटं गप्प बसलो. तो नाहीच आला. जाळीच्या आत कुठेतरी पान हललं, एवढंच. मुलं उठून गेली. त्यांना ते पटलं की कंटाळा आला, कळायला मार्ग नाही.

दहाच्या सुमारास उतरून घराजवळच्या महापालिकेच्या बागेत आले. खरं तर या दोन दिवसांतलं माझं सर्वांत आवडतं ठिकाण हेच. घसरगुंडी, तुटका झोपाळा, जॉगिंग ट्रॅक, कोपऱ्यात करंज, आंबा आणि एक जुनं बदामाचं झाड. फाटकावर रखवालदारदादांनी अडवलं. “प्री-वेडिंग का? परवानगी लागते.”

“नाही दादा, पक्ष्यांचे फोटो.”

“पक्ष्यांचं प्री-वेडिंग?” ते स्वतःच्याच विनोदावर हसले आणि त्या हसण्यात मी आत शिरले.

बदामाखाली हास्यक्लब चालू होता. हात वर करून सगळे आजी-आजोबा ‘हा हा हा’ करत होते आणि त्यांच्या डोक्यावरच्या फांदीतून एक आवाज येत होता. टर्रर्र... टर्रर्र... वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो संपल्यावर रीळ मागे गुंडाळलं जायचं, अगदी तसाच. हा आवाज मी आता गर्दीतही ओळखते. लाल छातीचा माशीमार. मुठीत मावेल एवढा, मातकट, मोठ्या डोळ्यांचा. शेपटी वर झटकली की तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं. नावात लाल छाती असली तरी याच्या गळ्यावर लाल काहीच नव्हतं. मादी असेल किंवा गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू असेल. पूर्व युरोप नाहीतर पश्चिम सैबेरियातलं एखादं रान सोडून हा जीव निघाला होता तो या बदामाच्या झाडावर येऊन उतरला होता, हास्यक्लबच्या डोक्यावर. खाली कुणाला पत्ता नाही आणि वर त्याला पर्वा नाही. तो किडा पकडत होता, गिळत होता, टर्रर्र म्हणत होता.

मी बाकावर बसले. कॅमेरा मांडीवरच राहिला. एक आजी हसणं संपवून घाम पुसत शेजारी येऊन टेकल्या. “काय बघतेस गं?” त्यांना दाखवला. त्यांना तो सापडेना. मी हात धरून फांदीच्या दिशेने वळवला. मग सापडला. “अगंबाई! एवढासा?” मग थोडं थांबून, “काही खास नाही दिसायला.” म्हटलं, नाही आजी, सध्या घरातल्या कपड्यांत आहे. त्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. कुठून आला, एकटाच आला का, परत कधी जाणार, असले सगळे प्रश्न त्यांनी विचारले, नव्या सुनेच्या माहेरची चौकशी करावी तसे. जाताना दोघी-तिघींना बोलावून दाखवून गेल्या.

मग मी तीन फोटो काढले. पहिल्यात पान आडवं आलं, दुसऱ्यात तो उडाला होता, तिसऱ्यात पाठमोरा.

रात्री स्टुडिओत बसून सगळं उतरवून घेतलं. दोन दिवसांचे अठराशेच्या वर फोटो. लग्नाचं काम असतं तर चारशे-पाचशे निवडून काढावे लागले असते. इथे अकरा ठेवले. थिरथिऱ्याची थरथरती शेपटी, झोपलेली हळदी-कुंकवाची जोडी, थापट्यांचा गोल, पाठमोरा माशीमार. एका वारकऱ्याचा, या वेळी कपाळ न जळालेला. नवरा व्हिडिओच्या एडिटिंगमधून मान काढून बघायला आला. एक फोटो पाहून म्हणाला, “हा काय, साधा कावळा?” लेकीने माझ्याआधी उत्तर दिलं. “बाबा, ते मोठे मामा आहेत.”

डायरी उघडून शनिवारच्या आणि रविवारच्या पानावर आकडे लिहिले. वारकरी एकेचाळीस, थापट्या सात, हळदी-कुंकू दोन, धनेश एक, भोरड्या दोनशेवीस, थिरथिरा एक, माशीमार निळा एक, लाल एक. सर्वांत वर कावळे, शनिवारचे तेवीस, रविवारचे एकोणीस.

सोमवारी सकाळी फोन आला. पुढच्याच रविवारी रजिस्टर पद्धतीने झालेल्या एका लग्नाचा छोटासा स्वागत समारंभ होता, घरचे पन्नास-साठ जण. “ऐनवेळी विचारतोय, पण पौष आहे, तुम्ही मोकळ्याच असाल ना?” मी डायरीचं पान उलटलं. लेन्सचा हप्ता पाच तारखेला असतो.

“सकाळी की संध्याकाळी?”

“संध्याकाळी सातला.”

“मग येते,” म्हटलं. “सकाळी माझं एक ठरलेलं आहे. आणि हो, नातेवाइकांची यादी तेवढी आदल्या दिवशी पाठवून ठेवा.”